खारेपाटातील देशी बियाण्यांचे जतन : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर 2023 ते नोव्हेंबर 2024

6 नोव्हेंबर 2023

गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या, भाताची कापणी शेवटच्या टप्प्यात आली आहे. बियाणे गोळा करण्यास याहून योग्य काळ वर्षभरात दुसरा नाही, कारण झोडणी होऊन सगळे भात एकदा कणगीत पडले की कोणता दाणा कोणत्या शेतातला, हे घरच्या माणसालाही सांगता येत नाही. अलिबाग आणि पेण या तालुक्यांतील, धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारेपाटापुरतेच हे काम आम्ही मर्यादित ठेवले आहे. येथील जमीन खाडीकडून मिळवलेली आहे. मातीचे बांध घालून भरती अडवायची, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि जमिनीतला खार दर पावसाळ्यात नव्याने धुऊन काढायचा, अशा व्यवस्थेवर येथे पिढ्यान्‌पिढ्या भात पिकत आले आहे. या जमिनीत तग धरणारे काळा राता आणि भुरा राता हे जुने वाण आमच्या यादीत अग्रभागी आहेत. त्यांच्या जोडीला कडवे वाल आणि पांढरा कांदा घेतला आहे.

गोळा करण्याच्या पद्धतीबद्दल आज बरीच चर्चा झाली. पेरणीचे बी राखताना शेतकरी ठसठशीत, भरलेली लोंबी निवडतो आणि त्याच्या कामासाठी ते योग्यच आहे. जतनासाठी घेतलेल्या नमुन्यात मात्र शेताच्या चारी भागांतील लोंब्या, उंच आणि बुटक्या, आखूड आणि लांब कुसळाच्या, अशा सगळ्या यायला हव्यात, कारण देशी वाणाच्या एकाच शेतात जी विविधता असते तीच आपल्याला राखायची आहे. शेजारच्या शेतालगतच्या ओळी आम्ही टाळत आहोत. भात बहुतांशी स्वपरागीभवन करणारे, म्हणजे फुलाच्या स्वतःच्याच परागावर दाणा धरणारे, पीक असल्याने परकीय परागाचा धोका थोडा असतो; खळ्यावर होणारी भेसळ ही खरी अडचण आहे.

नोंदपत्रकात गाव, जमिनीचा प्रकार, हळवे (लवकर तयार होणारे), निमगरवे (मध्यम) की गरवे, पेरणीची पद्धत, तुसाचा व तांदळाचा रंग हे रकाने पूर्वीपासून होते. माझ्या आग्रहावरून त्यात ‘हे भात अजून का पेरता?’ असा एक रकाना वाढवला आहे. आज पहिल्याच घरी त्याचे उत्तर मिळाले. घरातील आजींनी थोड्याशा जागेत लाल तांदळाचे भात अजून राखले आहे. त्याची पेज प्यायली की दुपारपर्यंत भूक लागत नाही आणि बाजारचा तांदूळ तेवढा आधार देत नाही, असे त्यांनी सांगितले. बी त्यांच्या आईच्या घरून आलेले आहे. त्यांच्या सुनेला भाकरीसाठी हाच तांदूळ आवडतो, ही गोष्टही मी मुद्दाम लिहून घेतली. ज्या घरात एखाद्या वाणाला दोन पिढ्यांची मागणी आहे, त्या घरात तो वाण पुढील काही वर्षे तरी सुरक्षित आहे.

14 नोव्हेंबर 2023

बियाणे वाळवण्याचे काम सुरू आहे आणि हा सारा प्रकल्प खरे तर याच कामावर तरणार किंवा बुडणार आहे. बियाण्याचे दोन शत्रू असतात, ओलावा आणि उष्णता. किनाऱ्यावर दोन्ही मुबलक आहेत. बीजशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम प्रसिद्ध आहे. बियातील ओलावा एका टक्क्याने कमी केला किंवा साठवणुकीचे तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरवले, तर बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. हा नियम 5 ते 14 टक्के ओलाव्याच्या दरम्यान लागू पडतो. म्हणजे 14 टक्क्यांवरचे भात 10 टक्क्यांवर आणता आले, तर कोणतेही शीतयंत्र नसतानाही त्याचे आयुष्य सोळापट होण्याची शक्यता असते. केवळ उन्हावर विसंबून हे येथे साधत नाही, कारण बी भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करत राहते. दुपारी अंगणात कडक वाळलेले भात रात्रीच्या दमट हवेत उघडे राहिले, तर सकाळपर्यंत त्याने पुष्कळसा ओलावा परत घेतलेला असतो.

म्हणून दोन टप्पे ठरवले आहेत. पहिल्यात पातळ थर पसरून सकाळचे आणि उतरत्या दुपारचे ऊन द्यायचे, ऐन दुपारी ताडपत्रीवर बी तापू द्यायचे नाही आणि ऊन उतरण्यापूर्वी ते झाकायचे. दुसऱ्या टप्प्यात हवाबंद डब्यात बियाण्याच्या वजनाइतके सिलिका जेल घालून ते निळ्याचे गुलाबी होईपर्यंत ठेवायचे, मग बदलायचे. ओलावा मापक यंत्र सर्वांकडे असणार नाही हे गृहीत धरून, शेतकऱ्यांना मिठाची परीक्षा दाखवली. काचेच्या कोरड्या बरणीत भात आणि कढईत भाजून कोरडे केलेले मीठ एकत्र घालून झाकण लावायचे आणि बरणी हलवून थोडा वेळ ठेवायची. मीठ बरणीला चिकटले किंवा त्याचे गोळे झाले, तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे असे समजायचे. मीठ सुटे राहिले तर त्याच्या खाली. दाताखाली दाणा टक्कन तुटतो की दबतो, ही परीक्षा येथील बायकांना आधीपासून ठाऊक आहेच आणि अनुभवी दाताचा अंदाज यंत्राच्या जवळ जातो, हे आज पुन्हा दिसले.

एका घराच्या माळ्यावर मुडा पाहायला मिळाला. भाताच्या लांब पेंढ्यात बी भरून, पेंढ्याच्याच दोरीने करकचून आवळून त्याचा गोल गठ्ठा करतात आणि तो चुलीच्या वरच्या अंगाला माळ्यावर ठेवतात. खालच्या धुराने बी कोरडे राहते आणि कीडही दूर राहते. हा मुडा जुना होता आणि रिकामा. घरात आता चूल पेटत नाही, हे एक कारण घरमालकांनी सांगितले. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटले. बुटक्या सुधारित वाणांचा पेंढा मुडा बांधण्याइतका लांब नसतो. उंच वाण शेतातून गेला तेव्हा त्याच्याबरोबर बी राखण्याचे साधनही गेले आणि बी राखता येईना म्हणून दरवर्षी पिशवी विकत घेणे ओघानेच आले. ‘का पेरता’ या रकान्याशेजारी मी आज ‘का सोडले’ हाही रकाना वाढवला आहे.

28 नोव्हेंबर 2023

भात निघालेल्या शेतात अंगओलीवर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल पेरून झाले. पेरणीसाठी घेतलेल्या बियांत करड्या, तपकिरी आणि ठिपकेदार असे निरनिराळे दाणे आहेत. ते वेगळे केले नाहीत. वालाचे बी आमच्या हाती चांगल्या स्थितीत आले, कारण बहुतेक घरांत ते राखेत घोळून मडक्यात ठेवलेले असते. वालाची काळजी मला भाताइतकी वाटत नाही. थंडीत शेतावर पोपटी लावण्याची, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजून खाण्याची, हौस जोवर या भागात आहे, तोवर वाल पेरला जाईल.

9 जानेवारी 2024

उगवण चाचणीची अंतिम मोजणी आज पूर्ण झाली. प्रत्येक नमुन्याचे शंभर-शंभर दाणे ओल्या कागदाच्या गुंडाळीत उभे ठेवले होते आणि चौदाव्या दिवशी निरोगी, विकृत व न उगवलेली अशी तीन भागांत विभागणी केली. प्रमाणित भात बियाण्यासाठी आपल्याकडे किमान 80 टक्के उगवणीचा निकष आहे. त्या कसोटीला बहुतेक नमुने उतरले.

काळा राताच्या एका नमुन्यात मात्र निम्मेही दाणे उगवले नाहीत. सहकाऱ्यांपैकी काहींनी तो बाद करण्याचे सुचवले. न उगवलेले दाणे मी एकेक करून दाबून पाहिले. ते कुजलेले नव्हते, बुरशीही नव्हती, आतला तांदूळ घट्ट होता. ही सुप्तावस्था, म्हणजे दाणा जिवंत असूनही न उगवण्याची स्थिती, असावी असे मला वाटते. ताज्या भाताच्या दाण्यात, विशेषतः जुन्या वाणांत, ती काही आठवडे किंवा महिने टिकू शकते. खारेपाटासारख्या ठिकाणी तिचा उपयोगही आहे. परतीचा पाऊस कापणीच्या तोंडाशी आला आणि पीक आडवे पडले, तर सुप्तावस्था नसलेल्या वाणाच्या लोंबीतच मोड फुटतात. ती असलेल्या वाणाचे धान्य वाचते. त्याच नमुन्याचे उरलेले दाणे 50 अंश सेल्सिअसवर काही दिवस कोरडे ठेवून पुन्हा चाचणीला लावले आहेत.

23 जानेवारी 2024

उष्णतेची प्रक्रिया दिलेले दाणे व्यवस्थित उगवले. नमुना राहील. त्याच्या नोंदीत ‘सुप्तावस्था दीर्घ’ असा शेरा लाल शाईने लिहिला आहे, कारण पुढे एखाद्याने घाईने चाचणी केली तर हा वाण मृत समजून टाकून दिला जाण्याचा संभव आहे.

20 फेब्रुवारी 2024

पांढऱ्या कांद्याचे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलले आहेत. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि माळा विणून तो विकला जातो, त्यामुळे त्याच्या बाजाराची चिंता नाही. चिंता बियाण्याच्या शुद्धतेची आहे. भातासाठी वापरलेले नियम येथे कामाचे नाहीत. कांद्याच्या एकाच फुलात पुंकेसर आधी पक्व होतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो आणि तो मधमाश्या आणतात. जवळपास लाल कांद्याचे डेंगळे फुललेले असले तर पुढच्या पिढीत रंग आणि गोडी दोन्ही बिघडतात. दोन वाणांच्या बीजोत्पादनात निदान अर्धा ते एक किलोमीटर अंतर हवे, आणि ठिकठिकाणी तुकडे पडलेल्या आपल्या शेतांत ते राखणे एकट्या शेतकऱ्याच्या हाती नसते. यासाठी वाडीतील सगळ्यांनी मिळून ठरवावे लागते. यंदा तसे ठरले आणि लाल कांदा कोणी फुलू दिला नाही, ही या हंगामातील मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट आहे.

आणखी एक अडचण आहे. कांद्यात जवळच्या नात्यातल्या झाडांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या होत राहिला तर पीक खुरटते. म्हणून मोजके देखणे कांदे निवडून बी धरणे धोक्याचे ठरते. मोठ्या संख्येने झाडांवरून बी एकत्र करावे लागते. त्यात कांद्याचे बी अल्पायुषी असते आणि साध्या साठवणीत एखाद-दोन वर्षांतच त्याची उगवण घसरते. भाताच्या बाबतीत एखादे वर्ष चुकले तरी निभावते, कांद्याच्या बाबतीत निभावत नाही.

15 एप्रिल 2024

आज दुय्यम संचाची पाकिटे भरली. प्रत्येक वाणाचे तीन भाग करायचे ठरले आहे. एक भाग गावात पेरणीसाठी, दुसरा आमच्याकडे हवाबंद पाकिटात फ्रीजमध्ये आणि तिसरा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जनुक पेढीसाठी, म्हणजे बियाण्यांच्या संग्रहासाठी. तेथे नोंद झाली की नमुन्याला देशी संग्रहाचा क्रमांक मिळतो आणि दीर्घकालीन साठवण उणे 18 अंश सेल्सिअसला होते. काही हजार दाण्यांचा शुद्ध, निरोगी नमुना आणि गावापासून वापरापर्यंतची सारी माहिती सोबत द्यावी लागत असल्याने आमची नोंदपत्रके येथे उपयोगी पडतील.

तीन ठिकाणी ठेवण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न एका तरुण सहकाऱ्याने विचारला. त्याला सीरियातील उदाहरण सांगितले. अलेप्पोजवळ कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राची, म्हणजे इकार्डाची, मोठी जनुक पेढी होती. गहू, जव, मसूर, हरभरा यांचे त्या साऱ्या प्रदेशातले जुने वाण तिच्यात होते. यादवी युद्धात तिचा वापर अशक्य झाला. परंतु त्या केंद्राने आपल्या संग्रहाच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील जागतिक बीज कोठारात आधीच पाठवून ठेवल्या होत्या. हे कोठार 26 फेब्रुवारी 2008 रोजी सुरू झाले, ते गोठलेल्या डोंगराच्या पोटात आहे आणि त्यात आज जगभरातील दहा लाखांहून अधिक नमुने ठेवलेले आहेत. 2015 मध्ये इकार्डाने तेथून आपले बियाणे परत मागितले. कोठारातून बी काढण्याची ती पहिली वेळ होती. लेबनॉन आणि मोरोक्को येथे ते बियाणे पेरून वाढवण्यात आले आणि 2017 मध्ये नव्या दाण्यांच्या प्रती पुन्हा स्वालबार्डला पोहोचल्या. या घटनेत मला कोठाराइतकेच महत्त्व मधल्या दोन वर्षांचे वाटते. बी बाहेर काढून कोणीतरी ते जमिनीत पेरले, त्याचे पीक घेतले, शुद्धता तपासली आणि मगच संग्रह पुन्हा उभा राहिला. शीतगृहातील दाणा हा विमा आहे. तो काढून पेरायला शेत आणि पेरणारा हात दोन्ही लागतात आणि खारेपाटात आज याच दोन गोष्टी कमी होत चालल्या आहेत.

21 मे 2024

गावातील मंदिरात बैठक झाली. बियाण्यावर हक्क कोणाचा, ही शंका अनेकांच्या मनात होती आणि ती रास्त आहे. आमच्याकडून बी नेऊन कोणी कंपनी त्यावर मालकी सांगेल का, असे एका काकांनी स्पष्ट विचारले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, 2001 मधील तरतुदी वाचून दाखवल्या. या कायद्यानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी मात्र ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वाणाची नोंदणी त्यांच्या नावे होऊ शकते आणि त्यासाठी नोंदणी शुल्क नाही. नोंदणी गावाच्या नावाने व्हावी असे सर्वांचे मत पडले. मीही त्याच मताचा आहे, कारण राता कोणा एका घरात घडलेला नाही.

त्याच बैठकीत पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचा विषय निघाला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने दिलेले पनवेल-1 आणि पनवेल-2 हे वाण येथील अनेकांनी लावलेले आहेत आणि त्यांचे उत्पन्न जुन्या राताहून जास्त येते, हे कोणीच नाकारत नाही. मात्र या दोन्ही वाणांची एक बाजू भुरा राताच्या निवड वाणाची आहे, हे बहुतेकांना आज प्रथमच समजले. दुसरी बाजू फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 मध्ये प्रसारित केलेल्या आयआर-8 या बुटक्या वाणाची आहे. उत्पन्न आयआर-8ने दिले, खार सोसण्याची ताकद याच मातीतल्या भाताने दिली. त्या काळी कोणी भुरा राता राखला नसता, तर पैदासकारासमोर संकराला घेण्यासाठी काय उरले असते, एवढाच प्रश्न मी मांडला आणि त्यावर लोक आपापसांत बराच वेळ बोलत राहिले.

12 जून 2024

पावसाने जोर धरल्यावर पेरणी सुरू केली. घाई टाळली, कारण उन्हाळाभर वर आलेला खार पहिल्या पावसांनी विरघळून उघाडीतून निघून जाण्यापूर्वी बी टाकले तर रोपे जळतात. भात खाऱ्या जमिनीत रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात सर्वांत नाजूक असते. शेतातल्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातील खाराचे माप, प्रति मीटर 3 डेसिसायमनच्या खाली उतरेपर्यंत आम्ही वाट पाहिली. त्यापुढे साधारण भाताचे उत्पन्न घटू लागते.

बी 3 टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून, बुडवले आणि तरंगलेले पोचट दाणे काढले. मग स्वच्छ पाण्याने धुऊन भिजवले आणि गोणपाटाखाली मोड आणले. अर्ध्या भागात रहू पद्धतीने, म्हणजे मोड आलेले बी थेट चिखलात फोकून, पेरणी केली आणि अर्ध्या भागात रोपे लावणार आहोत. रहू ही खारेपाटातील जुनी पद्धत आहे. रोप उपटताना मुळांना होणारी इजा तीत टळते आणि लावणीची मजुरीही वाचते, जी आता परवडेनाशी झाली आहे. वाणांच्या वाफ्यांमध्ये तीन मीटरची मोकळी जागा राखली आहे.

25 जुलै 2024

पौर्णिमेनंतरच्या उधाणात शेजारच्या गावाच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, आणि भरतीचे पाणी आमच्या खालच्या वाफ्यांपर्यंत आले. उघाडीची एक झडप सडलेली असल्याचे आणि दुरुस्तीची मागणी संबंधित यंत्रणेकडे मागील वर्षापासून पडून असल्याचे गावकऱ्यांनी सांगितले. पूर्वी बांधावर प्रत्येक घरामागे माणूस जात असे आणि खांड एका ओहोटीत बुजवली जात असे. आता घरोघरी तरुण माणसे मुंबईला आहेत. या वेळी गावात असलेल्यांनी मातीची पोती टाकून पाणी अडवले, तेव्हा पुढचे नुकसान टळले. खांड वर्षानुवर्षे बुजली नाही की त्या जमिनीत खारफुटी उगवते आणि मग ते शेत परत मिळत नाही. धरमतरच्या काठी असे तुकडे डोळ्यांसमोर आहेत. बियाण्याच्या दृष्टीने हे फार गंभीर आहे, कारण खारे शेतच उरले नाही तर खार सोसणारे भात कोणी कशाला पेरील?

खाऱ्या पाण्यात बुडालेल्या वाफ्यांची नोंद रोज घेत आहे. साध्या जमिनीसाठीचा जो सुधारित वाण तुलनेसाठी लावला होता, त्याची पाने टोकाकडून पांढरी पडून गुंडाळली गेली आणि बहुतेक रोपे मेली. काळा राताचीही जुनी पाने करपली, परंतु मधला कोंब हिरवा राहिला आणि पावसाच्या गोड्या पाण्याने खार उतरताच नवी पाने निघाली. खार सोसणाऱ्या भातांत असे दिसण्याचे एक कारण म्हणजे ती झाडे सोडियम वरच्या कोवळ्या पानांपर्यंत पोहोचू देत नाहीत आणि पोटॅशियमचे प्रमाण टिकवतात. केरळच्या पोक्काली भातात या गुणाशी निगडित असलेला, पहिल्या गुणसूत्रावरचा ‘सॉल्टॉल’ नावाचा भाग शास्त्रज्ञांनी शोधला आहे आणि तो इतर वाणांत आणण्याचे काम निरनिराळ्या देशांत चालू आहे. आमच्या वाफ्यांतील एका उधाणावरून कोणताही निष्कर्ष मी काढणार नाही. मात्र हे निरीक्षण पनवेलच्या केंद्राला कळवण्याजोगे निश्चित आहे.

याच संदर्भात ओडिशाच्या एफआर-13ए या जुन्या भाताचे उदाहरण सहकाऱ्यांना सांगितले. पुरात बुडाल्यावर बहुतेक भात श्वासासाठी वर वाढण्याचा आटापिटा करते, त्यात साठा संपतो आणि ते मरते. हा वाण वाढ थांबवून साठा राखून ठेवतो आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा वाढतो. त्यातील सब-1 हा गुण लोकप्रिय स्वर्णा वाणात आणून तयार केलेला स्वर्णा-सब-1 भारतात 2009 मध्ये प्रसारित झाला आणि सुमारे दोन आठवडे बुडूनही तो तगतो. माणसाला वनस्पतींपासून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी निम्म्याहून अधिक वाटा तांदूळ, गहू आणि मका या तीन पिकांचा आहे. समुद्राची पातळी वाढत असताना आणि पावसाचा मेळ बिघडत असताना या पिकांना लागणारे गुण एखाद्या दुर्लक्षित खाजणातील, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतील, भातातच सापडण्याची शक्यता अधिक आहे. 1970च्या दशकात भातावरील खुरट रोगाच्या विषाणूला प्रतिकार शोधण्यासाठी हजारो नमुने तपासले गेले, तेव्हा तो गुण उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निव्हारा या रानटी भाताच्या एकाच नमुन्यात मिळाला होता आणि त्यावर आयआर-36 हा वाण उभा राहिला.

18 ऑगस्ट 2024

उभ्या पिकाची पाहणी केली. कोणतीही विशेष घटना नाही. खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोके बुजवली.

2 ऑक्टोबर 2024

गरवे वाण निसवले. लावणीला उशीर झालेल्या वाफ्यातही भुरा राता इतर वाफ्यांच्या जवळपास बरोबरीनेच फुलला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुने गरवे वाण दिवस लहान होण्याच्या खुणेवर फुलतात, त्यामुळे पाऊस उशिरा आला तरी फुलोरा आपल्या वेळी येतो. आखूड दिवसांची वाट न पाहणाऱ्या वाणांत लावणी लांबली की फुलोराही लांबतो आणि तो कधी परतीच्या पावसात सापडतो.

भेसळ काढण्याचे काम दोन अनुभवी काकींबरोबर केले. आम्ही पत्रकातील वर्णन हातात घेऊन एकेक झाड तपासत होतो. पानाच्या तळाचा जांभळट रंग, कुसळाची लांबी, तुसावरची छटा आम्ही पाहत होतो. त्या दोघी मात्र वाफ्याच्या कडेला उभ्या राहूनच ‘ते तिथलं आपलं नाही’ असे म्हणत आणि झाडापर्यंत गेल्यावर त्यांचे म्हणणे बरोबर निघे. काय पाहून ओळखता, असे विचारल्यावर त्यांनी लोंबी वाकण्याची ढब दाखवली. भुरा राताची लोंबी दाणे भरायच्या आधीच एका बाजूला झुकू लागते. आमच्या पत्रकात या लक्षणासाठी रकानाच नव्हता. तो आज वाढवला आणि लोंबीची छायाचित्रे दाणे भरण्याच्या प्रत्येक अवस्थेत घ्यायचे ठरले. ही ओळख ज्यांच्या डोळ्यांत आहे त्यांच्यासोबत पुढच्या हंगामात शाळेतील मुलांना वाफ्यांत न्यावे, अशी सूचना मी मांडली असून ती मान्य झाली आहे.

10 नोव्हेंबर 2024

कापणी, झोडणी झाली. प्रत्येक वाणासाठी स्वतंत्र ताडपत्री आणि स्वतंत्र सूप वापरले. एका वाणानंतर खळे झाडून, धुऊन, वाळल्यावरच दुसरा वाण आणला. वेळ दुप्पट लागला, पण यात तडजोड करता येत नाही.

दुपारी सर्व वाणांचा भात, पेज आणि भाकरी करून गावकऱ्यांसमोर ठेवली. पेजेसाठी लाल राताला, भाकरीसाठीही त्यालाच पसंती मिळाली. रोजच्या भातासाठी मात्र बहुतेकांनी पनवेलचा वाण निवडला. हे मी जसेच्या तसे नोंदवले आहे. देशी वाण सगळ्या कामांसाठी श्रेष्ठ असल्याचे सांगत फिरणे मला मान्य नाही. एका घराने मुख्य शेतात सुधारित वाण लावून बांधाकडच्या खाऱ्या पट्ट्यात काळा राता लावला, तर दोन्ही टिकतात आणि घराचे उत्पन्नही सांभाळले जाते. पेंढा लांब मिळावा म्हणून गुरे असलेल्या दोन घरांनी आपण होऊन राता मागितला.

24 नोव्हेंबर 2024

बियाणे 10 टक्के ओलाव्यापर्यंत वाळले. तिन्ही संचांची पाकिटे बंद करून तारीख, गाव आणि वाफ्याचा क्रमांक लिहिला. दिल्लीसाठीचा संच पुढील आठवड्यात रवाना होईल.

मे महिन्यात द्यायच्या बियाण्याची मागणी आजच लिहून घेतली. नेलेल्या बियाण्याच्या सव्वापट बी पुढच्या कापणीनंतर परत करायचे, ते वाळवून आणि भेसळ काढूनच आणायचे आणि पीक बुडाले तर परतफेड एक वर्ष पुढे ढकलायची, असे ठरले. लाल राता आणि भुरा राता प्रत्येकी अनेक घरे पेरणार आहेत. दीर्घ सुप्तावस्था असलेल्या काळा राताच्या नमुन्याला मात्र एकाच घराने होकार दिला आहे आणि तेथील शेत खांड पडलेल्या बांधाच्या लगत आहे. एका शेतावर अवलंबून राहणे योग्य नाही. खाडीच्या पलीकडे, पेणच्या बाजूला, खाऱ्या पट्ट्यात पेरू शकेल असे दुसरे घर मार्चपर्यंत शोधायचे आणि न मिळाल्यास तेवढ्यापुरता खारा तुकडा प्रकल्पाने खंडाने घ्यायचा, असा निर्णय झाला आहे. बांधाच्या दुरुस्तीसाठी ग्रामसभेचा ठराव झाला असून त्याच्या पाठपुराव्याची जबाबदारी माझ्याकडे आहे.